प्याल्याचा मान

बंब गळायला लागला की माणूस आधी साबणाचा गोळा चिकटवून बघतो, मग कुठूनतरी एम-सील आणतो, मग शेजाऱ्याच्या सांगण्यावरून डांबर फासतो. सगळं करून थकला की तो बंब खांद्यावर घेऊन तांबटाकडे येतो आणि म्हणतो, "काय न्हाई भाऊ, बारीक भोक हाय." म्हणजे आमच्या हातात पेशंट येईपर्यंत त्याचे निम्मे हाल झालेले असतात. जुन्नरच्या बाजारपेठेत पस्तीस-छत्तीस वर्षं मी असे पेशंट बघितले. आता दुकान बंद केलंय, हातही थरथरतो, म्हणून लिहायला बसलोय.

आमच्या धंद्याबद्दल बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी कळल्या तरी पुरे. धातू ठोकला की कडक होतो आणि कडक झाला की तडकतो. म्हणून मधून मधून त्याला विस्तवात तापवून मऊ करावं लागतं. किती ठोकायचं आणि कधी थांबून तापवायचं, एवढ्यात आमची सगळी विद्या आली. दुसरी गोष्ट म्हणजे डाख. दोन तुकडे जोडायला तिसरा धातू वापरायचा, जो त्या दोघांच्या आधी वितळेल आणि सांध्यात उतरेल. बादली, बंब यांना कथलाचा डाख चालतो. ज्यात खायचं-प्यायचं आहे आणि ज्याला ताकद हवी, त्याला चांदीचा डाख. तो अवघड, कारण मूळ वस्तूला वितळण्याच्या अगदी दारापर्यंत नेऊन परत आणावं लागतं.

नव्वदच्या सुमारास स्टील आणि प्लॅस्टिकनं आमचं कंबरडं मोडलं. हंडे-घागरी मोडीत निघाल्या. उरले ते बंब, आणि उरल्या देवाच्या वस्तू. देवाला कुणी प्लॅस्टिकची समई लावत नव्हतं. पश्चिमेच्या डोंगरातून एक म्हातारा एकदा ग्रामदैवताचा पितळी मुखवटा घेऊन आला. मुखवट्याचा कान तुटला होता. डोक्यावर पाटी, पाटीत नवं धोतर, त्यात देव. मी म्हटलं, "ठेवा बाबा खाली." तो म्हणाला, "द्येव खाली ठिवू?" आणि तसाच उभा राहिला. मी पाट मांडला, त्यावर धुतलेला पंचा अंथरला, तेव्हा त्यानं पाटी उतरवली. काम होईस्तोवर त्यानं पाण्याचा घोट घेतला नाही. मला त्याचं काही नवल वाटलं नाही. देवाचं काम कसं करायचं ते आपल्याला बापानं शिकवलंय, याचा मला उलट अभिमान होता.

त्याच अभिमानानं माझी खोड मोडली.

त्यानंतर वर्षभरातच एक बाई दुकानात आल्या. साठीच्या आतबाहेरच्या, काठापदराचं नऊवारी, कपाळ मोकळं, पाठ ताठ. हातात पांढऱ्या फडक्यात काहीतरी बांधलेलं. नाव मार्थाबाई. घोडेगावच्या बाजूला एका वस्तीवर ख्रिस्ती लोकांची पन्नासेक घरं आहेत आणि एक छोटं चर्च आहे. त्या चर्चमधल्या सगळ्या वस्तूंची देखभाल मार्थाबाई करायच्या. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांना गवगवा आवडत नाही.

त्यांनी फडकं सोडलं. आत एक उभा प्याला होता. वर चांदीची वाटी, आतून सोन्याचा मुलामा, मधे पितळेची दांडी, खाली पसरट बैठक. तालमीत पैलवानांना कप देतात ना, तसला. माझ्या डोक्यात तेच आलं आणि तेच तोंडातून गेलं.

"कुठल्या कुस्तीत मिळाला?"

बाई हसल्या नाहीत. "देवळातला हाय. दांडीपाशी पाझरतोय. एक थेंब गळता कामा न्हाई."

"थेंब कशाला, वाफ नाही गळणार," मी म्हटलं.

काम मी उत्तम केलं, हे आजही सांगतो. वाटीच्या बुडाला जिथे दांडीचा खिळा जोडलेला होता तिथला सांधा उकलला होता. जुना डाख काढला, चांदीचा नवा भरला, घासून असा मिळवला की नख अडकू नये. पण काम झाल्यावर तो प्याला मी ठेवला कुठे, तर जमिनीवर, बाद्यांच्या शेजारी. आणि जागा अडते म्हणून त्यात दोन कानशी उभ्या करून ठेवल्या.

आठवड्यानं मार्थाबाई आल्या. मी कानशी काढल्या, माठातलं पाणी प्याल्यात भरलं, खालून बोट फिरवून कोरडं बोट त्यांना दाखवलं. आणि मग भरलेलं पाणी फुकट कशाला घालवायचं, म्हणून प्याला तोंडाला लावून गटागट पिऊन टाकलं. मिशी पुसत म्हटलं, "बघा! थेंब नाही."

प्याला माझ्या हातून घेताना त्यांनी आधी दोन्ही हातांवर फडकं पसरलं आणि मग घेतला. गुंडाळला, छातीशी धरला आणि पायऱ्या उतरून गेल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हे मला दिसलं, पण मला वाटलं, कामावर खूश झाल्या.

घरी जेवताना बायकोला मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. सुमन भाकरी थापता थापता थांबली.

"त्या प्याल्यातनं त्यांचे फादर देवाचा प्रसाद देतात, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"असेल."

"असेल काय! आपल्या देव्हाऱ्यातल्या पंचपात्रीनं कुणी परक्यानं चूळ भरली असती तर?"

मी घास हातात धरून बसलो. तो मुखवटेवाला म्हातारा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याला पाट, त्याला पंचा, आणि या बाईच्या देवाच्या भांड्यात मी कानशी खोचल्या. मला ते माहीत नव्हतं असंही म्हणवेना, कारण बाईंनी "देवळातला हाय" असं पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

महिनाभर मनाशी कुढत राहिलो. मग एका सुट्टीच्या दिवशी नारायणगावहून मंचर, मंचरहून पुढे अशा एसट्या बदलत त्या वस्तीवर गेलो. चर्च म्हणजे कौलारू लांब खोली, वर लाकडी क्रूस. मार्थाबाई मागच्या बाजूला पांढरी फडकी धूत होत्या. मला बघून उठल्या. मी जे पाठ करून आलो होतो ते सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

"बसा," त्या म्हणाल्या. "आधी यवडं धुनं हुंदे."

मी बसून बघत राहिलो. फडक्यांचं पहिलं पाणी त्यांनी मोरीत सोडलं नाही. कुंडीतल्या मोगऱ्याच्या मुळाशी हळूहळू ओतलं. दुसऱ्या पाण्याचंही तसंच. मग साबण लावला.

"ह्या फडक्यानं प्याला पुसत्यात," त्या सांगू लागल्या. "त्याच्यात भाकरीचा एकांदा कन असंल, द्राक्षरसाचा एकांदा थेंब असंल. आमच्या लेखी ते प्रभूचं शरीर अन् रगात हाय. ते गटारात कसं जाऊ द्यायचं? म्हनून मातीला. मातीवर कुनाचा पाय पडू न्हाई म्हनून कुंडीला."

"मला कळायला हवं होतं," मी म्हटलं.

"तुमी मुद्दाम केलं न्हाई, ते मला ठावं हाय. फादर तर म्हनले, दुरुस्तीनंतर मी नव्यानं आशीर्वाद देतो, मनाला लावून घेऊ नका. पन भाऊ, वीस वर्सं मी त्याला उगड्या हातानं शिवले न्हाई." फडकं पिळत त्या म्हणाल्या, "तुमी हिंदू हायसा म्हनून मला दुख न्हाई झालं. तुमची घाई आडवी आली."

चहा पाजून त्यांनी मला वाटेला लावलं. निघताना त्या प्याल्याची गोष्ट सांगितली. तिथल्या लोकांच्या आजोबांच्या काळात चर्चला प्याला नव्हता. तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक घरानं चांदीचा एकेक डाग दिला. कुणी जोडवं, कुणी वाळा, कुणी कमरेची साखळी तोडून चार कड्या. ते आटवून ती वाटी घडवली. मार्थाबाईंच्या आईची पायातली तोरडी त्यात होती. "माय लई गरीब व्हती," त्या म्हणाल्या. "पन रोज वेदीवर चढती."

पुढे दहाएक वर्षं मार्थाबाई चर्चचं बारीकसारीक काम माझ्याकडे आणत राहिल्या. मेणबत्तीचे स्टँड, धूप जाळायच्या भांड्याची साखळी, एकदा क्रूसाची बैठक. ज्या दिवशी ते काम असे, त्या दिवशी सकाळी मी पाट मांडायचो. तंबाखूची डबी घरी ठेवायचो. त्या येऊन बघायच्या, मान हलवायच्या, जायच्या. प्याला मात्र त्यांनी परत कधी आणला नाही, आणि मीही विचारला नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका बुधवारी सकाळी दुकानासमोर जीप थांबली. आधी उतरले फादर सायमन. त्या चर्चला त्यांची बदली होऊन दोनच वर्षं झाली होती. तरुण, मोकळ्या स्वभावाचे, वसईकडचे. त्यांनी हात देऊन मार्थाबाईंना उतरवलं. बाई आता बऱ्याच थकल्या होत्या, एका डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी होती. जीप चालवणारा, वस्तीशेजारचा बागायतदार बबनराव, खाली उतरला पण पायरी चढेना. रस्त्यावरच टोपी काढून उभा राहिला.

मी काही विचारायच्या आधी मार्थाबाईंनी पाटाकडे पाहिलं. मी तो मांडला, वर सुमननं दिलेलं कोरं कापड अंथरलं. त्यांनी फडकं सोडलं.

प्याला ओळखू येत नव्हता. दांडी वाकली होती, बैठक दुमडली होती, आणि चांदीची वाटी पापडासारखी चपटी झाली होती. काठाचा नखाएवढा एक तुकडाच नव्हता.

फादरांनी सांगितलं ते असं. वस्तीनं चार वर्षं खपून नवं चर्च बांधलं होतं. येत्या रविवारी खुद्द बिशप येऊन त्याचा अभिषेक करणार होते. सोमवारी जुन्या चर्चमधलं सामान हलवायला बबनरावानं आपला ट्रॅक्टर दिला. बबनराव हिंदू, पण शेजारधर्म म्हणून. मार्थाबाई त्या दिवशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मंचरला होत्या. पवित्र वस्तू त्या नेहमी स्वतः हातातून नेत. त्या नव्हत्या, आणि मंडळींनी घाईत अख्खं कपाट ट्रॉलीत चढवलं. चढाला कपाटाचं दार उघडलं, पेटी खाली पडली, आणि ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉलीचं चाक तिच्यावरून गेलं.

"मी म्हटलं, पुण्याहून नवा प्याला आणतो," फादर म्हणाले. "मिस्सा, म्हणजे आमची उपासना, त्यानंही होते. प्रभूचं प्याल्यावाचून अडत नाही."

"प्रभूचं न्हाई अडत, फादर," मार्थाबाई म्हणाल्या. "माजं अडतंय."

एका सराफाला दाखवून झालं होतं. तो म्हणाला, आटवून टाका, त्याच वजनाचा नवा करू. पण आटवायला चांदी बाहेर जाणार, परत येणार ती दुसरीच. मार्थाबाईंनी प्याला उचलून घेतला होता. वस्तीतली काही माणसं कुजबुजू लागली होती की नव्या देवळाला अपशकुन झाला. कुणी बबनरावाकडे तिरक्या नजरेनं बघू लागलं होतं.

"भाऊ," बाई मला म्हणाल्या, "रविवारपातुर व्हईल?"

मी त्या चपट्या वाटीवरून बोट फिरवलं. घड्या आत वळल्या होत्या. पत्रा एकदा दुमडला की घडीच्या जागी कडक होतो, आणि जोर करून उघडला की तिथेच चिरतो. त्यात जुनी चांदी, नाना घरच्या दागिन्यांची, एकसारखी नाही. तापवताना अंधुक लाल रंगापर्यंत न्यायची. त्यापुढे जरा गेली की डोळ्यांदेखत पाणी होते. मी उभ्या आयुष्यात असं काम केलं नव्हतं.

"वचन देत नाही," मी म्हटलं. "पण दुसरं कुठलंही काम आता दुकानात होणार नाही."

आणि तसंच केलं. दाराशी बंबवाले आले, त्यांना सोमवारी या म्हणून सांगितलं. ओळखीच्या सुताराकडून बाभळीचा ठोकळा घडवून घेतला, वाटीच्या आतल्या आकाराचा. लोखंडाची हातोडी बाजूला ठेवली आणि लाकडाची अन् शिंगाची मोगरी काढली. बुधवारी दिवसभर नुसतं तापवायचं, गार करायचं, आणि पातळ लाकडी पाचरीनं घडी केसभर उघडायची. संध्याकाळी वाटीचं तोंड चाफ्याच्या कळीएवढं उघडलं. मार्थाबाई गावात एका नात्यातल्या बाईकडे उतरल्या होत्या. दिवसभर समोरच्या बाकावर बसून असायच्या, एक डोळा उघडा, हातात जपमाळ.

गुरुवारी वाटी ठोकळ्यावर चढली. एक ठोका, वाटी किंचित फिरव, दुसरा ठोका. याला आम्ही मठारणं म्हणतो. दुपारपर्यंत ती गोल झाली. पण काठाला तो तुकडा नव्हता, आणि भोक समोरून दात पडल्यासारखं दिसत होतं.

"माझ्याकडे चांदी आहे," मी म्हटलं. "ठिगळ लावतो."

मार्थाबाई उत्तर देणार तेवढ्यात जीप थांबली. बबनराव खाली उतरला, आणि या खेपेला थेट पायऱ्या चढून आला. हातात पितळी ताम्हण, त्यावर धुतलेला रुमाल. रुमाल बाजूला केला तर ताम्हणात विड्याचं पान आणि पानावर तो नखाएवढा तुकडा.

"घावला," तो म्हणाला.

मग हळूहळू त्यानं सांगितलं. बुधवारी परत गेल्यावर त्यानं चढाची ती जागा चारी बाजूंनी दोरी बांधून अडवली. कुणाचा पाय पडू नये म्हणून. मग घरातल्या गव्हाच्या चाळण्या आणल्या आणि एकटाच खडी-माती चाळत बसला. ते बघून त्याची बायको आली. मग वस्तीतल्या बाया आल्या, मग कुजबुजणारी माणसंसुद्धा आली. फादर झगा खोचून बसले. बुधवारची दुपार, गुरुवारची सकाळ, सगळा चढ पिठासारखा चाळून काढला. तुकडा शेवटी बबनरावाच्याच चाळणीत वाजला.

"मला तुमच्यातलं काय कळत न्हाई, मार्थाबाई," बबनराव म्हणाला. "पन माज्या चाकाखाली द्येवाचं भांडं गेलं. त्याचा कन जरी रस्त्यावर राह्यला असता तर मला त्या वाटंनी जाता आलं नसतं."

मार्थाबाई उठल्या. त्याच्या हातातलं ताम्हण त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि म्हणाल्या, "बबनराव, आता टोपी घाला. ऊन लागतंय."

शुक्रवारी डाख. तुकडा घासून काठात बसवला, बारीक तारेनं बांधला, डाख नीट वाहावा म्हणून टाकणखार लावला, फुंकणीनं ज्योत दिली. चांदी लाल होऊ लागली, डाख चकाकला, सांध्यात सरसरत उतरला. मी ज्योत बाजूला केली. तेवढ्यात "टिच" असा आवाज आला. समोरच्या बाजूला, जिथे सर्वांत खोल घडी होती, तिथे केसासारखी चीर पडली. काठापासून पोटापर्यंत.

फुंकणी माझ्या हातातून निसटली. आता ती चीर भरायची तर सगळी वाटी पुन्हा तापवायची, आणि पुन्हा तापवली तर आधीचा सांधा सुटणार, किंवा वाटीच वितळून बसणार. दहा वर्षांपूर्वी ज्या हातानं मी तो प्याला तोंडाला लावला, तोच हात आता तो मोडणार असं वाटलं.

मार्थाबाईंना एका डोळ्यानं चीर दिसली नसेल, पण माझं तोंड दिसलं.

"भाऊ, थांबा," त्या म्हणाल्या. "पानी प्या. त्येला बी जरा गार हुंदे. घाई नगं."

मी पाणी प्यायलो. ओटीवर जाऊन बसलो. रस्त्यावरून येणारं-जाणारं बघितलं. अर्ध्या तासानं डोकं शांत झालं तेव्हा बापाची एक युक्ती आठवली. आधीचा सांधा सुटू नये म्हणून तो ओल्या मातीत गाडायचा, म्हणजे त्याला उष्णता लागत नाही. वारुळाची माती आणली, मळली, नव्या तुकड्याचा सगळा भाग तिनं लिंपून घेतला. डाखात चांदी जरा कमी केली, म्हणजे तो लवकर उतरेल. आणि ज्योत बारीक धरून, श्वास धरून, चिरेच्या टोकापासून काठापर्यंत एकाच ओळीत डाख नेला. मधे थांबलो नाही. मधे थांबलो असतो तर संपलं होतं.

गार झाल्यावर माती काढली. दोन्ही सांधे धरले होते.

दांडी सरळ केली, बैठक उठवली, सगळं जोडलं, घासलं, पुसलं. मग मी प्याला पाटावर ठेवला आणि मागे सरकलो. मार्थाबाईंनी घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी त्यात काठोकाठ ओतलं. आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. पाटावरचं कापड कोरडंच राहिलं. फादर आणि बबनराव न्यायला आले तेव्हा त्यांनीही वाकून कापड बघितलं. बबनरावानं तर हात फिरवून बघितला आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडला, "कोरडं हाय राव! पार कोरडं!"

तापवताना आतला सोन्याचा मुलामा उडाला होता, तो पुन्हा द्यायला शनिवारी मी पुण्याला गेलो. फादरांनी माझ्याच हाती दिला. एसटीत गर्दी. कंडक्टर म्हणाला, "पावणं, पिशवी वर ठेवा."

"नाही, मांडीवरच राहील."

"काय हाय एवढं?"

"देवाचं आहे."

त्यानं कुठला देव ते विचारलं नाही. पुढच्या बाकावरच्या दोघांना उठवून मला खिडकीशी बसवलं, आणि राजगुरुनगरला माणसं चढली तेव्हा स्वतः आडवा उभा राहिला. पुण्यात मुलामा देणाऱ्याकडेही मी समोर बसूनच काम करून घेतलं. दुसऱ्या सामानाबरोबर टाकू दिलं नाही. तो आधी वैतागला, मग काय आहे ते ऐकल्यावर त्यानं टाकीतलं पाणी बदलून घेतलं.

रविवारी सुमनला घेऊन मी वस्तीवर गेलो. नवं चर्च पताकांनी भरलं होतं, ढोल-ताशा होता, बबनरावाच्या ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा होत्या आणि त्याच्याशी तिरकं वागलेली माणसं त्याच्याच भोवती होती. फादरांनी आम्हाला पुढे बसायला सांगितलं, पण मी संकोचानं अगदी शेवटच्या बाकावर बसलो. प्याला मिस्सेच्या आधीच बिशपांसमोर गेला होता. त्यांनी तो उजेडात धरून फिरवला, काठावरून बोट नेलं आणि फादरांना विचारलं, "तुटला होता तो हाच का?" मला हे फादरांनी नंतर सांगितलं. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

मिस्सा सुरू झाली. गाणी, वाचन, प्रार्थना. मग घंटा वाजली आणि सगळं चर्च एकदम गुडघ्यावर आलं. बिशपांनी प्याला दोन्ही हातांनी वर उचलला. दाराबाहेर उभा असलेला बबनरावही टोपी काढून तिथेच खाली बसला. इतक्या माणसांत एक खोकला ऐकू आला नाही. माझ्या हातातून हजारो भांडी गेली, पण त्यातलं एक भांडं एवढ्या माणसांनी श्वास रोखून बघितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सुमननं माझा हात घट्ट धरला होता.

त्यानंतर थोड्या वेळानं बिशप म्हणाले, एकमेकांना शांती द्या. तेव्हा लोक शेजाऱ्यापाजाऱ्याकडे वळून हात जोडतात. आमच्या बाकावरच्या माणसांनी आम्हालाही हात जोडले. सगळे पुन्हा वेदीकडे वळले, आणि तेव्हा मला दिसलं की पहिल्या बाकावरून मार्थाबाई उठल्यात आणि मधल्या वाटेनं मागे येतायत. काठी नाही, कुणाचा आधार नाही. हळूहळू, एकेक बाक मागे टाकत. चर्च भरलेलं होतं आणि सगळे मान वळवून बघत होते. वेदीवर प्याला होता, आणि त्याच्यामागे बिशप हात जोडून थांबले होते. त्यांनी पुढचं वाक्य उच्चारलं नाही.

मार्थाबाई शेवटच्या बाकापाशी आल्या. डोळ्यावरची पट्टी निघाली होती, दोन्ही डोळे माझ्यावर होते. त्यांनी हात जोडले.

"शांती असो, भाऊ."

याला काय उत्तर देतात ते मला ठाऊक नव्हतं. मी उठून उभा राहिलो, हात जोडले, आणि उभ्या जन्माच्या सवयीनं तोंडातून गेलं, "राम राम, बाई."

पुढच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मार्थाबाई हसल्या नाहीत. मी त्यांना शांतीच दिली होती अशा मानानं त्यांनी मान लववली, सुमनच्या गालावरून हात फिरवला, आणि आल्या तशाच, सरळ पाठीनं परत गेल्या. त्या आपल्या जागेवर पोहोचल्या, तेव्हा बिशपांनी पुढची प्रार्थना सुरू केली.